खचायचं नाही, खचू द्यायचं नाही: नेतृत्वातल्या चिकाटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे सरपंच, बचत गटांच्या अध्यक्षा, मच्छीमार सोसायट्यांचे संचालक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आणि मुंबईतल्या ग्रामविकास मंडळांचे सेक्रेटरी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र बांधले, बाकी शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची मदत लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. चिकाटी आणि उभारी हे दोन वेगळे गुण आहेत की एकाच गोष्टीची दोन नावं?

वेगळे आहेत, आणि एक असला म्हणजे दुसरा असतोच असं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन रस्ता मोकळा करायला जो बाहेर पडला, शेजाऱ्याच्या उघड्या घरावर ताडपत्री बांधायला चढला, त्याच्याकडे उभारी होती. पण श्रीवर्धनी रोठा सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. त्या मधल्या वर्षांत पाणी घालत राहणं, मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावणं, तोवर घर चालावं म्हणून केळीसारखं आंतरपीक घेणं, याला चिकाटी लागते.

पहिल्या आठवड्यात धावून येणारी माणसं आपल्याकडे गावोगावी आहेत. तिसऱ्या वर्षी त्याच कामावर असणारी कमी असतात. नेत्याला दोन्ही लागतं, आणि त्याहून जास्त म्हणजे लोकांना दोन्ही जमेल अशी व्यवस्था लावता यावी लागते. खालची बरीचशी उत्तरं या व्यवस्थेबद्दलच आहेत.

२. हे गुण जन्मजात असतात का? मी स्वभावाने भिडस्त आहे.

भिडस्त माणसाची चिकाटी लवकर दिसत नाही, एवढंच. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली शेरवलीत झाला, बालपण दापोली तालुक्यातल्या मुरुडला गेलं (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं). स्वभाव अतिशय लाजाळू, चारचौघांत बोलायला कचरणारा. परीक्षेसाठी हा मुलगा पावसाळ्यात घाट चढून पायी साताऱ्याला गेला, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढच्या वेळी त्याने कोल्हापूर गाठलं.

१८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा ज्या मुरुडने त्यांना वाढवलं त्याच मुरुडने बहिष्कार टाकला. त्यानंतर १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा राहिला, पुढे हिंगण्यात झोपडीवजा जागेत काम सुरू झालं. दिवसभर कॉलेजात गणित शिकवून हा माणूस पुण्याहून हिंगण्याला चालत जायचा. महिला विद्यापीठ सुरू झालं १९१६ मध्ये, तेव्हा त्यांचं वय ५८ होतं. सभा गाजवणारा आवाज त्यांच्याकडे कधीच नव्हता. होतं ते रोजचं चालणं, वर्गणीची वही आणि पैन् पैचा हिशेब. भिडस्त माणसाला यातलं काहीच अवघड नाही.

३. मी पदाधिकारी नाही, साधी सदस्य आहे. मग हे मला कशाला?

कारण संकटात पद असलेला माणूस कित्येकदा गावात नसतो. तालुक्याला गेलेला असतो, मुंबईत असतो, नाहीतर त्याचंच घर पडलेलं असतं. त्या वेळी जिच्याकडे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांची नावं आणि औषधं तोंडपाठ असतात, तिच्याच मागे लोक जातात.

४. संकट आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत नेत्याने नेमकं काय करायचं?

हा प्रश्न जुलै २०२१ नंतर फार वाढला. २२ जुलैला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच्या दोनच महिने आधी तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं होतं. जी गावं त्यातून लवकर सावरतात तिथे काही गोष्टी हमखास दिसतात.

आधी माणसं मोजा. साधी दोनशे पानी वही घ्या, वाडीनिहाय पानं पाडा. घरप्रमुखाचं नाव, घरात आत्ता किती जण, कोणाला रोजचं औषध, कोण गरोदर, जनावरं किती, छप्पर आहे की गेलं, पंचनामा झाला की नाही. एवढे रकाने पुरतात. वही एकीच्याच हातात ठेवा, आणि जिचं अक्षर सगळ्यांना वाचता येईल अशी बाई शोधा. मोबाइलवर यादी करण्याचा मोह टाळा. निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती आणि टॉवर बंद होते. कागद मात्र चालतो.

मग पाणी. पुराचं पाणी शिरलेली विहीर उपसून क्लोरिन टाकल्याशिवाय प्यायला वापरू देऊ नका, कितीही तहान असली तरी.

तिसरी गोष्ट पंचनामा. घरात चिखल साचला की माणूस लगेच फावडं उचलतो, ते साहजिक आहे. पण साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, बुडालेल्या मालाचे फोटो काढून घ्यायला सांगा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा वाडीतला एक माहीतगार माणूस वही घेऊन त्यांच्याबरोबर फिरलाच पाहिजे. भाड्याने राहणारं कुटुंब, एकटी राहणारी म्हातारी, सातबारावर नाव नसलेला कसणारा हे यादीतून गळतात ते इथेच.

आणि सगळ्यांना काम द्या. ज्याचं सगळं गेलंय त्यालासुद्धा. सामुदायिक स्वयंपाकाला लाकडं फोडणारा माणूस गुडघ्यात डोकं घालून बसत नाही.

एक नियम मी सगळ्यांना आग्रहाने सांगते: रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, देवळासमोर म्हणा किंवा शाळेच्या पडवीत, पंधरा मिनिटं उभं राहून बोला. काय कळलं, काय अजून कळलं नाही, उद्या किती वाजता पुन्हा भेटायचं. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी उभं राहा. अफवा या पंधरा मिनिटांना घाबरतात.

५. लोकांसमोर खंबीर राहायचं, पण मी स्वतः आतून खचलोय. हे कोणाला सांगू?

सांगा, पण सगळ्यांना एकदम नको. गावाबाहेरचा एक जण धरून ठेवा: शेजारच्या गावचा सरपंच, दुसऱ्या सोसायटीचा चेअरमन, जुने मास्तर. त्याच्यासमोर मनातलं सगळं बोलून टाकायचं. गावासमोर भीती लपवण्याची गरज नाही, ती आकारात ठेवण्याची आहे. ‘मलाही काळजी वाटतेय, आणि आत्ता आपण हे एवढं करणार आहोत,’ या वाक्याने कोणी खचत नाही.

विश्रांतीची लाज बाळगू नका. १ जून ते ३१ जुलै समुद्रबंदी असते तेव्हा होड्या वर ओढतात, जाळी विणायला घेतात, इंजिन उघडतात. कोणी म्हणत नाही की मच्छीमार आळशी झाला. नेत्यानेही आपली अशी बंदी कॅलेंडरवर आधीच मांडावी आणि तेवढे दिवस किल्ल्या दुसऱ्याकडे द्याव्यात.

झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तो चिकाटीचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जा. हे कमीपणाचं नाही.

६. मीटिंगला कोणी येतच नाही. किती वेळा बोलवायचं?

बोलवायची पद्धत बदला, मग मोजा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी ती. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. या सोयीची सवय लागली की पहिली सभा तहकूब होणार हे सगळे धरूनच चालतात आणि निर्णय दहा जणांत उरकतात. पुढे त्या निर्णयाच्या पाठीशीही दहाच जण उभे राहतात.

ग्रामसभेच्या आधी वाडीवाडीत खळ्यात बसा. भातलावणीच्या दिवसांत नको, मासळी बाजाराच्या वेळी नको. बायकांना दुपारी तीन ते साडेचार जमतं, पुरुषांना रात्री जेवणानंतर. एका बैठकीला एकच विषय घ्या आणि मागच्या बैठकीत ठरलेलं किती झालं ते पहिल्या पाच मिनिटांत सांगा. लोक कंटाळतात ते बैठकीला नव्हे, तेच तेच विषय पुन्हा निघण्याला.

शिमग्याला आणि गणपतीत चाकरमानी आलेले असतात, तेव्हा मोठी सभा घ्यायचा मोह होतो. पैशाचे विषय तेव्हा काढा, कारण वर्गणीचा मोठा भाग मुंबईकडूनच येतो. पण कामाची जबाबदारी वर्षभर गावात राहणाऱ्यांच्याच नावावर लिहा.

७. चिकाटी आणि हट्ट यांत फरक कसा ओळखायचा? आमचे अध्यक्ष ‘माघार नाही’ म्हणतात आणि सगळे अडकून पडलेत.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो. उत्तर कोकणातच, महाडला आहे.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. कायद्याने तो हक्क होताच: मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. तरी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली, आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. हजारो स्वयंसेवक तुरुंगात जायच्या तयारीने महाडला आले. ऐन वेळी विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला.

त्या क्षणी मंडपात बसलेल्या माणसांचा विचार करा. लांबून चालत आलेली, अपमान गिळून आलेली. ‘चला तळ्यावर’ हा एक शब्द पुरेसा होता. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि सत्याग्रह तहकूब केला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, पुढे मिरवणूक तळ्याभोवती निघाली, पण मनाई मोडली नाही. मग लढाई कोर्टात गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं.

यात ध्येय जराही हललं नाही, मार्ग मात्र बदलला, आणि बदलताना लोकांना कारण सांगितलं. हट्टी माणसाचं उलट असतं. तो मार्गाला चिकटतो आणि ध्येय मागे सुटलं तरी त्याला चालतं. तुमच्या अध्यक्षांना दोन गोष्टी विचारून बघा. ‘काय घडलं तर तुम्ही हा मार्ग बदलाल?’ याचं उत्तर नसेल तर तो हट्ट. आणि वाईट बातमी त्यांच्यापर्यंत कोण आणतं? कोणीच आणत नसेल, तर माणसं त्यांना घाबरतात आणि ते स्वतः अंधारात चालताहेत. मार्ग बदलूनही काही साधत नसेल तर काय, ते ११ व्या उत्तरात आहे.

८. वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामात लोकांचा जोर कसा टिकवायचा? दुसऱ्या वर्षीच सगळे गळतात.

गळतात, कारण घर चालवायचं असतं. भाषणाने जोर टिकत नाही. चूल पेटती राहिली तर टिकतो.

अलिबागजवळच्या चरी गावात ऑक्टोबर १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या जुलमाविरुद्ध, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. पंचवीस गावं त्यात होती. संप म्हणजे खोताची जमीन कसायची नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं भात बंद करायचं, अन् तेही एक हंगाम नव्हे. १९३९ पर्यंत हा संप चालला.

डोळ्यांसमोर आणा: जून लागलाय, पाऊस पडतोय, शेजारच्या गावात नांगर चाललेत, आणि तुमचं शेत तुमच्याच निर्णयाने पडीक आहे. घरात पेज पातळ होत चाललीय. हे सहा वेळा. माणसं टिकली ती लाकूडफाटा विकून, मजुरीला जाऊन, मासे पकडून. गावं एकमेकांना धरून होती, त्यामुळे खोताला एकेकाला फोडता येत नव्हतं. आणि लढा हळूहळू मोठा होत होता: १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या सभेला आले, १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, पण तिचा पाया या पडीक शेतांत घातला गेला.

आज कुठलंही लांबचं काम हाती घेताना चरीकडून घेण्यासारखं खूप आहे. सुरू करण्याआधी विचारा, या काळात आपल्या सगळ्यात गरीब सदस्याचं घर कसं चालेल? गटाची काजू प्रक्रिया उभी राहीपर्यंत रोजंदारी बुडणाऱ्या बाईला काय मिळणार? याचं उत्तर नसेल तर दुसऱ्या वर्षी ती गळेल, आणि दोष तिचा नसेल. दुसरं म्हणजे, वर्षातून एकदा तरी लोकांना दिसेल असं काहीतरी पुढे सरकलं पाहिजे. मंजुरीचं पत्र असेल, पहिला चेक असेल, नाहीतर नुसती मोजणी झालेली असेल. ते कागद सभेत वाचून दाखवा, हाताळायला द्या.

९. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टीका होते. उत्तर द्यावं की गप्प बसावं?

हिशेबाबद्दलच्या प्रश्नाला २४ तासांत, पावतीच्या फोटोसह उत्तर द्या. बाकी टोमण्यांना ग्रुपवर उत्तर देऊ नका, रात्री दहानंतर तर मुळीच नाही. सतत टीका करणाऱ्या एकाला हिशेब तपासणीत घ्या. नुसता तोंडाळ असेल तर आपोआप मागे सरतो, खरोखर तळमळीचा असेल तर तुम्हाला चांगला माणूस मिळतो.

विरोधातली माणसं कामात येऊ शकतात याचं उदाहरण मंडणगड तालुक्यातलं वेळास. तिथे समुद्री कासवांची अंडी पूर्वी सर्रास काढून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून किनाऱ्यावर संवर्धन सुरू केलं आणि गावकऱ्यांनाच त्यात घेतलं. पुढे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येऊ लागले, घरोघरी त्यांची राहण्याजेवणाची सोय होऊ लागली. दटावणीने हे झालं नसतं.

१०. सरकारी ऑफिसात फाइल अडकली की आमचा धीर सुटतो. साहेब बदलले की पुन्हा पहिल्यापासून.

साहेब बदलणारच, हे धरूनच काम मांडा. अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. एका फोल्डरमध्ये तारखेनुसार कागद लावा. पहिल्या पानावर अर्धं पान भरेल एवढाच सारांश: मागणी काय, कुठपर्यंत आली, कोणाकडे थांबली. नवे साहेब पहिल्या भेटीत तेवढंच वाचतात.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, ती बोर्डावर लावलेली असते. बाकी कामात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. भांडण न करता हे सगळं करता येतं. आणि ऑफिसात नेहमी दोघांनी जा: एक जुना, एक शिकणारा. का, ते १२ व्या उत्तरात.

११. थांबायचं कधी? काम सोडलं तर लोक ‘हरला’ म्हणतील.

म्हणतील. तरी काही वेळा थांबणं हेच नेत्याचं काम असतं.

वेधशाळेचा इशारा आलाय, वारा फिरलाय, आणि मासळी मात्र पुढे आहे. होडी माघारी वळवणारा तांडेल खलाशांची त्या दिवसाची वाटणी बुडवतो, आणि त्यांना घरी नेतो. जिथे चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने, घराने किंवा दागिन्यांनी मोजली जाणार असेल तिथे चिकाटीची भाषा वापरूच नये.

पैशाच्या कामात मर्यादा आधी लिहून ठेवा. ‘अमुक तारखेपर्यंत अमुक विक्री झाली नाही तर युनिट बंद करून यंत्र विकायचं,’ असा ठराव सुरुवातीलाच, डोकं शांत असताना करा. नंतर तो करता येत नाही, कारण तोवर बुडालेला पैसा बोलायला लागतो.

आणि एक गोष्ट सोडली म्हणजे सगळं सोडलं असं होत नाही. जंजिरा शिवाजी महाराजांच्या हाती आला नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून प्रयत्न केला, तरी तो अजिंक्यच राहिला. पण जंजिऱ्यासमोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभा राहिला, मालवणला सिंधुदुर्ग झाला, आणि १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरी बांधायला घेतली तेव्हा मायनाक भंडारी आणि दौलतखान इंग्रज-सिद्दींना पुरून उरले. एका किल्ल्यापायी आरमार खर्ची पडलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

१२. माझ्यानंतर हे काम कोण करणार? सगळं माझ्यावरच आलंय.

सगळं तुमच्यावर आलं असेल तर त्यातलं थोडं तुम्ही येऊ दिलंय. हे टोचलं तरी बघा.

कोकण रेल्वे ही एका माणसाच्या आयुष्यात मावणारी गोष्टच नव्हती. अ. ब. वालावलकर तिच्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी लोकसभेत तो विषय लावून धरला. १९७१ मध्ये ते गेले. त्यांच्या मतदारसंघातून मधू दंडवते निवडून आले आणि मागणी तिथूनच पुढे चालली. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे काम आलं. पुढची आठ वर्षं मऊ मातीचे बोगदे पुन्हा पुन्हा ढासळले, पावसाने कटिंग वाहून नेली, कामगारांचे जीव गेले. ९१ बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल पार करून २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्गावर गाडी धावली. नाथ पैंना ही गाडी बघायला मिळाली नाही. पण त्यांनी विषय असा उभा करून ठेवला होता की पुढच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

तुमच्या पातळीवर हेच करायचं. प्रत्येक कामावर दोन नावं लिहा. ऑफिसात, बँकेत, ठेकेदाराकडे दुसऱ्यालाही ओळख करून द्या.

१३. सहकाऱ्याच्या हातून काम फसलं. बोलावं की सोडून द्यावं?

आधी फसलं कशामुळे ते बघा. जंजिऱ्याचीच एक आख्यायिका किनाऱ्यावर सांगतात. लाय पाटील कोळ्याने रात्री जीव धोक्यात घालून तटाला शिड्या लावल्या, पण मागून येणारी फौज वेळेवर आली नाही आणि मोहीम फसली. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असं तो नम्रपणे म्हणाला, तेव्हा ‘पालखी’ नावाचं गलबत बांधून त्याला दिलं. अपयशी मोहिमेतल्या माणसाचा असा मान झाला की पुढच्या वेळी शिडी लावायला माणसं पुढे येतात.

निष्काळजीपणा किंवा पैशाची अफरातफर असेल तर मात्र पांघरूण घालू नका. ते प्रामाणिक माणसांवर अन्याय करणं आहे.

१४. मी महिला सरपंच आहे. खुर्चीवर मी, कारभार घरचे बघतात. ‘सहन कर, चिकाटी ठेव’ असं सगळे सांगतात.

ताई, सहन करणं म्हणजे चिकाटी नव्हे. हा सल्ला देणाऱ्यांना तुमची चिकाटी नको आहे, तुमचं गप्प राहणं हवं आहे.

महाराष्ट्रात पंचायतीत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे आणि सही तुमची आहे. न वाचता एकाही कागदावर सही करू नका, चेकबुक स्वतःकडे ठेवा, ग्रामसेवकांशी दर आठवड्याला स्वतः बसा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ती कागदावर न उरकता खरोखर भरवा. पहिल्याच सभेला पाणी आणि रेशन हे दोन विषय घेतलेत तर जागा पुरणार नाही. तिथे उभ्या राहणाऱ्या बायका हीच तुमची ताकद. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या गटाने कांदळवनातली होडीची सफर सुरू केली, स्वतः वल्ही हातात घेतली. ‘बायकांना हे जमायचं नाही’ हे वाक्य त्या खाडीत आता कोणी उच्चारत नाही.

१५. प्रकल्पावरून गाव दोन तुकड्यांत फुटलंय. नेत्याने कोणाची बाजू धरावी?

तुमचं मत असेल तर स्पष्ट सांगा, दोन्हीकडे गोड बोललात तर दोन्हीकडचा विश्वास जाईल. पण पाणी, शाळा, मयत, पालखी या चार गोष्टींत प्रकल्पाचा विषय येऊ द्यायचा नाही, एवढं दोन्ही बाजूंकडून कबूल करून घ्या. प्रकल्प होईल किंवा जाईल, विहीर तीच राहणार आहे. नेत्याचीच बाजू चुकीची आहे असं वाटत असेल तर ७ व्या उत्तरातले दोन प्रश्न सभेत विचारा.

१६. सुरुवात छोटी करायची आहे. कुठून करू?

वनराई बंधाऱ्यापासून. पाऊस सरला, ओढा अजून वाहतोय, अशा वेळी सिमेंटच्या रिकाम्या गोणी गोळा करा. माती-वाळू भरा, पण गच्च नको, रचल्यावर गोणी दबून बसली पाहिजे. तोंडं सुतळीने शिवा. खालचा थर रुंद, वर निमुळतं, आणि वरच्या गोणीने खालच्या दोन गोणींचा सांधा झाकायचा. फटींत चिकणमाती दाबायची. वीस-पंचवीस माणसं जमली तर छोट्या ओढ्यावर सकाळी सुरू केलेलं काम दुपारपर्यंत होतं आणि संध्याकाळी पाणी मागे तुंबलेलं दिसतं.

पुढच्या पावसात तो वाहून जातो, तसाच तो बांधलेला असतो. म्हणून दरवर्षी नव्याने माणसं जमवावी लागतात. तिसऱ्या वर्षी तुम्ही न बोलावता गोणी कोण घेऊन येतं ते बघून ठेवा. १२ व्या उत्तरातलं दुसरं नाव बहुतेक त्याचंच असेल.

१७. आजारपणामुळे पद सोडावं लागतंय आणि काम अर्ध्यावर आहे. आता?

लपवू नका, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ओढत नेऊ नका. अंगात ताकद आहे तोवर नव्या माणसाबरोबर प्रत्येक ऑफिसात एकदा जाऊन या. कोणाचे किती देणे, कोणाला तोंडी काय शब्द दिलाय, कुठल्या जमीनमालकाने कशाच्या बदल्यात वाट दिलीय, हे लिहून त्यावर सही करा. तोंडी शब्दच नंतर भांडणाला कारण होतात. बँकेतली सही बदलायला सभेचा ठराव, नव्या पदाधिकाऱ्याचे फोटो आणि ओळखपत्रं लागतात. ते काम पहिल्याच आठवड्यात उरका, नाहीतर खातं अडकतं आणि मजुरांचे पैसे थकतात.